कॅलमची वही

जयवंतचा गुडघा बदलण्याआधी
एकदा चढ-उतार करून घेऊ म्हटलं,
आणि जूनच्या शेवटी निघालो कॉर्नवॉलला.
हडर्सफील्डहून आठ तास.
वाटेत दोनदा चहा, एकदा भांडण.

पाच दिवसांत चार बागा.
समुद्राच्या उबेला, दगडी भिंतीआड
कुणा जहाजमालकानं जगभरातून आणून वाढवलेलं रान:
झाडाएवढी नेची,
खाली उभं राहून पाऊस टाळावा अशी पानं,
आणि निळ्या फुलांचे मनोरे, मधमाश्यांनी घुमणारे.
केळीला थंडीत घोंगडी गुंडाळतात, असं पाटीवर होतं.
जयवंत म्हणाला, माझ्यापेक्षा थाट आहे.

मग काचघर. आत शिरताच चष्मा धुरकटला.
पुसून पाहते तर समोर
कर्दळ.
लाल. पायाशी पितळी पाटी, लॅटिन नाव,
हात लावू नये अशी विनंती.

ही आमच्या चिपळूणला
न्हाणीच्या सांडपाण्यावर माजायची.
हिची काळी बी धाकट्या भावानं
माझ्या कानात घातली होती,
डॉक्टरांनी चिमट्यानं काढली,
आईनं त्यांना फी आणि वर दोन नारळ दिले.
इथे माणशी सोळा पौंड मोजून
मी हिला भेटायला आलेली.
शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली,
किती वेगळंच आहे, नाही?
मीही मान डोलावली.
हात आपोआप कानाकडे गेला.

चौथ्या बागेत जयवंत बाकावर बसला तो उठेना.
'आपले गुलाब आले असतील,' म्हणाला.
आपले कसले, त्या बाईंचे.
घर घेतलं तेव्हा मिसेस ऑर्मरॉइडनी
किल्ल्यांबरोबर एक चिठ्ठी ठेवली होती:
मार्चमध्ये छाटा. दया दाखवू नका.
चौतीस मार्च झाले.
पहिल्या वर्षी कात्री धरून मी रडले होते,
आता रेडिओ ऐकत छाटते.

घरी पोचलो तेव्हा साडेनऊ, अजून उजेड.
फाटकापाशी पाय घसरला जयवंतचा,
पाकळ्यांवरून.
वाटेवर, कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर,
दारातल्या फटीतून आत आलेल्या
विजेच्या बिलावरसुद्धा एक.
भिंतभर नुसते पिवळे केसर उरलेले.
सगळा बहर आमच्या पाठीमागे
येऊन, बसून, चहापाणी न होता
निघून गेलेला.

सकाळी शेजारचा कॅलम आला. वय आठ.
रोज दोन पौंडांवर पाणी घालायला सांगितलं होतं.
त्यानं शाळेची वही पुढे केली.

शनिवार: अकरा.
रविवार: चोवीस. एकात किडा आहे.
सोमवार: साठ, मग पाऊस आला.
मंगळवार: मोजता येत नाहीत. आईला बोलावलं.
तिलापण नाही आले.
बुधवार: विसरलो, सॉरी.
गुरुवार: पडायला लागलेत. मी काही केलेलं नाही.

जयवंतनं पाकीट काढलं,
ठरल्यापेक्षा जास्तच दिले असणार.
मी मंगळवार पुन्हा वाचला.
स्वयंपाकघरात उभी राहून, बूट न काढता, पुन्हा एकदा.

पन्हळीच्या पाइपामागे एक उशिराची कळी
सकाळपासून उघडू की नको करत होती.
मी त्याची पेन्सिल घेतली,
शुक्रवार लिहिलं, आणि पुढे, हाताच्या सवयीनं: १.

'नऊ?' कॅलम म्हणाला.
एक, मी म्हटलं. आमचा एक असाच असतो.
त्यानं वही उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली.
माझ्यावर त्याचा काही विश्वास बसला नाही.
उरलेले आठ शोधायला
तो बाहेर गेला.